चाकदार

निजामाची अमदानी १९४८ च्या सप्टेंबरात संपली, पुढच्या वर्षी जहागिऱ्या खालसा झाल्या, देशमुखी आणि देशपांडेपण आडनावापुरते उरले, आणि सेलूच्या मोंढ्यात कापसाच्या गाड्या मोजणारा अडत्या व जुन्या गढीचा वारस एकाच चहाच्या टपरीवर एकाच बाकावर बसू लागले. परंतु कोणा तरी एकाकडे मान वर करून पाहिल्यावाचून ज्यांना करमत नाही अशा माणसांची संख्या कोणत्याही कायद्याने घटत नसल्यामुळे, रिकाम्या झालेल्या त्या मसनदीवर अलीकडे एक नवा मानकरी येऊन बसला आहे. त्याला सनद नाही, गाव इनाम नाही, सारावसुलीचा अधिकार नाही. त्याच्यापाशी एक जुनी मोटार आहे आणि त्या मोटारीला मोठी चाके बसवावयाची आहेत. त्याला मी चाकदार म्हणतो. मानवतला, पाथरीला, जिंतूरला त्याची जातभाई मंडळी आहेतच. पण आमच्या गावचा नमुना मला जवळून पाहावयास मिळाल्यामुळे त्याच्याविषयी लिहिणे अधिक निर्धास्त वाटते.

चाकदाराची मोटार ही साधी मोटार कधीच नसते. आमच्या चाकदारांनी हैद्राबादेहून जी आणविली ती दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड, म्हणजे मद्रासच्या कारखान्यातून १९६१ पासून निघू लागलेली, ९४८ घनसेंटीमीटर इंजिनाची, चार माणसे दाटीवाटीने बसविणारी कुटुंबवत्सल गाडी. परंतु तिला कोणी कुटुंबवत्सल म्हटलेले चाकदारांना खपत नाही. इटलीच्या मिकेलोत्ती नावाच्या कारागिराने तिची आकृती रेखाटली, इंग्लंडात कोव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कंपनीने ती १९५९ साली प्रथम बाजारात आणली, आणि १९६२ साली त्याच कंपनीने तिचाच सांगाडा आखूड करून त्यावर स्पिटफायर ही दोन आसनांची शर्यती बाण्याची मोटार उभी केली, हा सर्व इतिहास ते वंशावळीप्रमाणे मुखोद्गत सांगतात, आणि त्यातून निष्पन्न होणारा निष्कर्ष असा की, स्पिटफायर जर स्पोर्ट्स कार, तर तिची ही थोरली बहीण स्पोर्ट्स कार का नव्हे? भावकी सिद्ध झाली की हक्क सिद्ध झाला, हे तत्त्व ज्या तालुक्यात दिवाणी दावे पिढ्यान्पिढ्या चालले त्या तालुक्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आता अशा कुलवंत गाडीला तेरा इंची लोखंडी चाके शोभत नाहीत, हे ओघानेच आले. चाकदारांच्या मनात सोळा इंची मॅगव्हील, म्हणजे हलक्या धातूचे ओतीव चाक, भरले. हिमायतीसाठी त्यांनी थेट फ्रान्सपर्यंत धाव घेतली. एत्तोर बुगाती याने १९२४ साली लियाँच्या ग्रां प्रीत आपल्या टाइप ३५ मोटारी ॲल्युमिनियमच्या ओतीव चाकांवर उतरविल्या, तेव्हा जगाचे डोळे दिपले, हे ते मोंढ्यातल्या हमालांनाही सांगत. त्याच शर्यतीत त्या मोटारींचे टायर वारंवार फाटले आणि बुगातीच्या पदरी विजयाऐवजी मनस्ताप पडला, हा मजकूर मात्र त्यांच्या कथनातून नेमका गळत असे. इतिहासाची निवडक नक्कल काढण्याचे कसब आपल्याकडे पूर्वीपासून आहे, म्हणून मी त्यांना टोकले नाही.

खरी मौज पुढेच आहे. सामान्य माणसाची समजूत अशी की, मोठे चाक म्हणजे मोठे चाक. जुन्या बैलगाडीचे चाक, त्याचे लांबलचक आरे आणि वर ठोकून बसविलेली लोखंडी धाव, हे सारे उंच असे ते काळ्या मातीचा चिखल तुडवता यावा म्हणून. मोटारीच्या मोठ्या चाकाचा न्याय उलटा आहे. बाहेरचा घेर वाढला तर वेगदर्शक काटा खोटे बोलू लागतो आणि चाक मडगार्डला भिडते. सबब घेर तेवढाच ठेवून आतले धातूचे मंडल वाढवायचे आणि तेवढे रबर कमी करावयाचे. तेरा इंची चाकावर १५५/८० मापाचा टायर असेल तर त्याची भिंत १२४ मिलिमीटर भरते. सोळा इंची चाकावर १९५/४५ चढविला तर ती ८८ वर येते, आणि संपूर्ण चाकाची उंची जवळजवळ जिथल्या तिथेच राहते. म्हणजे चाकदार हजारो रुपये मोजून मोठे चाक घेत नाहीत. ते दीड इंच हवा विकत देऊन टाकतात. ही हवाच आजवर सेलूचे रस्ते आणि चाकदारांचे मणके यांच्यामध्ये मध्यस्थी करीत होती, हे मी त्यांच्या नजरेस आणले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, आराम पाहिजे असता तर मी ॲम्बॅसिडर घेतली नसती का?"

चाके आली. ती स्टेशनवर उतरली त्या दिवशी त्यांचे खोके उघडण्याचा समारंभ झाला, चांदीच्या भांड्यांवरून फिरवावा तसा मऊ फडका त्यांवरून फिरला, आणि मग ती गॅरेजच्या उस्तादांच्या स्वाधीन झाली. हेरल्डच्या चाकाची चार भोके पावणेचार इंची वर्तुळावर, म्हणजे ९५.२५ मिलिमीटरवर असतात. बाजारातल्या पुष्कळ चाकांची शंभरावर. अंतर पाच मिलिमीटरांहूनही कमी; पण लग्नात पत्रिका जुळण्याच्या बाबतीत जसे, तसेच येथेही थोडक्याने हुकणे हे पूर्ण हुकणेच असते.

"मालक, हे बसंना," उस्ताद म्हणाले.

"थोडं ठोकून पाहा ना उस्ताद."

"ठोकलं तर बसंल. पण मग तुमी त्यात बसू नका."

अखेर जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग घडविणाऱ्या एका लेथवाल्याने जाड अडॅप्टर कातून दिले, आणि चाके एकदाची चढली. मात्र अडॅप्टरच्या जाडीइतकी ती बाहेर आली. हेरल्डची सर्व जगात एका गुणासाठी वाखाणणी झाली आहे: तिची पुढली चाके इतकी वळतात की अवघ्या पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती फिरते. ही कीर्ती एका दुपारीत लयास गेली. सुकाणू पुरते फिरविले की रुंद टायर पत्र्यास घासून असा आर्त ध्वनी काढी की, शेजारच्या दुकानातले लोक बाहेर येत. ज्या बोळातून गाडी एका दमात वळे, तेथे आता चाकदार तीनदा मागेपुढे करतात आणि प्रत्येक वेळी खिडकीतून भोवतालच्या मंडळींना नमस्कार करतात.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वर्ज्य मानते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मी हा दाखला वाचून दाखविला. चाकदारांनी शांतपणे नोंदणीपत्र काढून विचारले, "यात चाकाचा इंच कुठं लिहिलाय, दाखवा." दोन पिढ्या कोर्टकचेरीत वाढलेल्या माणसाशी वाद घालणे हा माझा धर्म नव्हे.

पण खरे सांगायचे तर गाडी फारशी चालतच नाही. चाकदार तिला संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास बाहेर काढतात, स्टेशन रस्त्यावर अर्धा फर्लांग नेतात आणि कडुनिंबाखाली अशा कोनात उभी करतात की, नूतन विद्यालयातून सुटणारी मुले आणि परभणीच्या गाडीने उतरणारे उतारू या दोघांनाही चाके दिसावीत. मग ते गाडीला टेकून उभे राहतात. चाक हे इतरांच्या लेखी फिरण्याचे साधन असेल; चाकदारांच्या लेखी ते उभे राहण्याचे अधिष्ठान आहे, आणि या कामी सोळा इंची चाक तेराहून श्रेष्ठ आहे, हे कबूल केलेच पाहिजे.

गेल्या महिन्यात त्यांच्या मनाने जुन्या मोटारींच्या एका रॅलीचा ध्यास घेतला. तेथे परीक्षक गाडीच्या मूळ स्वरूपाला गुण देतात, असे कळल्यावर चाकदारांचा चेहरा काही काळ उतरला. मग जुन्या लोखंडी चाकांचा तपास सुरू झाला. ती भंगारातून फिरत फिरत मोंढ्याजवळच्या एका रसवंतीच्या गाड्याखाली जाऊन बसली होती. चाकदार स्वतः तेथे गेले, दोन ग्लास रस प्यायले आणि विषय काढला.

"देतो की मालक," रसवंतीवाला म्हणाला, "पर माझा गाडा असा जमिनीवर ठेवू का? तुमची ती चमकती चाकं द्या मला, हिशोब फिटला. गिऱ्हाईक तरी येईल."

चाकदारांनी विचार करावयास आठ दिवसांची मुदत मागून घेतली असून, ती या सोमवारी संपते.