अधिक्रमणवाले गुरुजी

लोणारचं विवर शेजारीच असल्यामुळे मेहकरात आकाशाबद्दल प्रत्येकाला सगळं ठाऊक असतं. गुरुजींना मात्र पुरावा लागतो, आणि तोही तीनदा. गणित शिकवून निवृत्त झाले, पण ताळा करून बघायची खोड गेली नाही.

८ जून २००४ला त्यांनी शुक्राचं अधिक्रमण पाहिलं. सूर्यबिंबावरून सरकणारा तो काळा ठिपका त्यांच्या डोक्यात जो शिरला, तो बाहेर पडलाच नाही. २०१८मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं सहाशे प्रकाशवर्षांवरच्या, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा गुरुजींनी गल्लीत पेढे वाटले.

"पोरगं नोकरीले लागलं का गुरुजी?"

"नाही, ग्रह सापडला."

"कोन्या घरात?" असं विचारून लोकांनी दुसरा पेढा उचलला.

गुरुजी मग समजावत बसले. ग्रह दिसला नव्हताच. दर साडेएकोणीस दिवसांनी ताऱ्याचा उजेड किंचित घटतो, एवढंच केप्लर दुर्बिणीनं टिपलं होतं. आपल्या सूर्यासमोरून गुरू गेला तर लांबून पाहणाऱ्याला उजेडाचा शंभरावा भाग कमी दिसेल. पृथ्वी गेली तर जेमतेम बारा हजारावा. पण एक तारा दुसऱ्याच्या आड गेला तरी उजेड घटतो. म्हणून अबूच्या पहाडावरच्या 'पारस' उपकरणानं सुमारे दीड वर्ष त्या ताऱ्याचं डुलणं मोजलं. वजन निघालं पृथ्वीच्या सत्तावीसपट, तेव्हा कुठं ग्रह पक्का झाला.

हे सगळं गुरुजींनी पुढं घरच्या बल्बला लावलं. नळ आला की बल्ब मंद व्हायचा. "व्होल्टेज हाय बाप्पा," म्हणून गल्ली गप्प. गुरुजींनी वही काढली. पहिल्यांदा लिहिलं, 'योगायोग'. दुसऱ्यांदा, 'शंका'. तिसऱ्यांदा पुन्हा नळाच्याच वेळी बल्ब मिणमिणला, तेव्हा 'उमेदवार'. पिठाच्या गिरणीवर वहीम होता; पण गिरणी दिवसभर चालते, म्हणून ती बाद. मग दुसरी पद्धत: बल्ब मंदावला की आपली बादली भरायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजलं. धार बारीक होत होती.

वही काखेत मारून ते शेजाऱ्याकडं गेले. "भाऊ, तुमच्या नळाला टिल्लू पंप आहे. अर्ध्या हॉर्सपॉवरचा असावा."

"कोनं सांगतलं तुमाले?"

"बल्बानं."

शेजाऱ्यानं मुकाट्यानं पंप काढला. "आमाले तं पैलेपासूनच ठाऊक होतं," असं चौकात सगळे म्हणाले. चौकानं तोवर चार घरांवर आळ घेऊन झाला होता. त्यांत एक घर गुरुजींचंही होतं.

गुरुजींच्या नावावर आजवर एवढा एकच शोध आहे. पण खोटा आळ एकही नाही, आणि असं मेहकरात दुसऱ्या कुणाबद्दल छातीठोक सांगता यायचं नाही.