तीन किलोचं गिऱ्हाईक

टॉवेलच्या बाबतीत माझ्याशी वाद घालायचा नाही, असा आमच्या घरी शिरस्ता होता. सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिता लिहिता माझी नोकरी सरली. टॉवेल हातात घेतला की त्याचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम वजन, हे मी डोळे मिटून सांगतो. नात झाली आणि पुण्याहून सूनबाईंचा फोन आला, "बाबा, येताना टॉवेल नका हं आणू. बाळाच्या अंगाला लागणारं सगळं मी नीट वाचून घेणार आहे." ज्या गावच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावच्या माणसाला हे ऐकावं लागलं.

पुण्यात पोचलो तर डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं की नाळ गळून पडेपर्यंत पाण्यात घालू नका, नुसतं स्पंजिंग करा. चिरंजीव तडक स्पंज आणायला निघाले. मीही मागोमाग गेलो. नाही म्हटलं तरी तो माझ्याच पेठेतला माल.

दुकान दुमजली होतं. सहा पदरी मलमल, बांबूचे रुमाल, बदकाच्या आकाराचे फोमचे स्पंज, सिलिकॉनचे ब्रश. मायक्रोफायबरचे हातमोजेही होते. ते पाहून मला आमच्या सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारा पोऱ्या आठवला. काउंटरवरच्या मुलाने बाळाचं वय विचारलं. चार दिवस म्हटल्यावर त्याचे डोळे असे चमकले, की आमच्या मालकांचे परदेशी ऑर्डर मिळाल्यावरसुद्धा कधी चमकले नसतील.

"सर, हा बांबू घ्या. एकदम नॅचरल."

बांबू म्हटलं की आमच्या पिढीला शाळेतले गुरुजी आठवतात. पण ते सोडा. रुमाल हाताला सुळसुळीत लागला तेव्हाच मी ओळखलं. बांबूचा लगदा रसायनात विरघळवून त्याचा धागा काढला की तो रेयॉन होतो. मग मुळात बांबू होता की निलगिरी, हे त्या धाग्यालाही आठवत नाही. अमेरिकेत २०२२ साली असल्याच मालाला बांबू म्हणून विकल्याबद्दल दोन बड्या दुकानसाखळ्यांना फेडरल ट्रेड कमिशनपुढे मिळून ५५ लाख डॉलर भरावे लागले. रेयॉन मऊ असतो, वाईट नाही. फक्त रेयॉनला रेयॉनचा भाव द्यावा, एवढंच मी त्या मुलाला म्हणालो. तो म्हणाला, "सर, मग सी स्पंज दाखवू?"

समुद्री स्पंज महाग होता आणि दिसायला देखणा. ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरचे पाणबुडे पिढ्यान् पिढ्या समुद्राच्या तळातून हे काढत आले. चिरंजीवांनी तो हौसेने घरी आणला. विहीणबाई माळकरी. त्यांनी सहज विचारलं, "हे कसल्या झाडाचं?" झाड नाही, तो प्राणी असतो आणि आपल्या हातात आहे तो त्याचा सांगाडा, ही माहिती मी दिली. द्यायला नको होती असं आमच्या हिचं मत. विहीणबाईंनी हात धुतले, स्पंज ठेवलेला पाट धुतला आणि चिरंजीवांना पावती शोधायला लावली.

खरं तर शाकाहारी स्पंज आपल्याकडे वेलीवर लागतो. परसातलं घोसाळं भज्यांतून वाचलं आणि वाळलं, की त्याच्या जाळीने माणसं अंग घासत आणि बायका भांडीही. पण ती जाळी खरकट्यावर चालवायची, चार दिवसांच्या कातडीवर नव्हे. फोमचा बदकही मी बाद केला. त्याच्या भोकाभोकांत पाणी मुरून राहतं, तो आतून लवकर वाळत नाही आणि त्या ओलीत जंतूंचा संसार थाटला जातो. पुढे दात आले की बाळ त्याचा लचका तोडतं, ते वेगळंच.

आता टेरीबद्दल. टेरी विणताना माग दोन ताणे घेतो, एक ताठ आणि एक सैल. सैल ताण्याचे बारीक फासे वर उभे राहतात आणि तेच पाणी पितात. मोठ्या माणसाच्या पाठीला याहून चांगलं काही नाही. पण तान्ह्या बाळाला मान नसते. मानेच्या जागी घड्या असतात. त्या घड्यांत सकाळचं दूध, दुपारचं दूध आणि कुठूनशी आलेली लोकर, असा ऐवज साठतो. तिथे जाड टॉवेलचं टोक शिरतच नाही. बोटाला गुंडाळता येईल असं पातळ फडकंच लागतं. त्यात पुण्यातल्या टँकरच्या जड पाण्यात चार वेळा धुतलं की टेरीचे फासे ताठरतात आणि टोचायला लागतात. टेरीचं काम पाणी टिपण्याचं, पुसण्याचं नव्हे. हे मी सोलापूरकर असून लिहितो आहे, याची नोंद घ्यावी.

नाळ पडली आणि मालिशवाल्या मावशी रुजू झाल्या. पाटावर बसून त्यांनी पाय लांब केले, त्यावर नातीला पालथं घातलं आणि मांडलेल्या रुमालांकडे बघून विचारलं, "आजोबा, एवढे पाव्हणे येणारेत का जेवायला?" त्या नुसत्या हाताने न्हाऊ घालतात. तळहात धुणीभांडी करून तयार झालेला. त्याचं जीएसएम काढायचं धाडस मला झालं नाही. नात मात्र त्या हाताखाली झोपून गेली.

सूनबाईंचं एक मात्र मी मानलं. तिने आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे चौकोन कापले आणि कोपऱ्यात चित्रं भरली. बदकाचा डोळ्यांसाठी, आणि तोही नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला वेगळा कोपरा. हत्तीचा तोंडाला आणि मानेला. सिंहाचा त्या खालच्या प्रदेशासाठी, सगळ्यात शेवटी. परवा मी चष्मा पुसत होतो तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. कोपरा उलटून पाहिला, सिंह होता. धुतलेला होता, असं मला सांगण्यात आलं.

तेव्हा बारशाला काय न्यावं म्हणून अडला असाल, तर पातळ, मऊ, पांढरं सुती कापड न्या आणि त्याचे वीतभर चौकोन करा. नवं असेल तर खळ जाईपर्यंत धुवा आणि कडक उन्हात वाळवा. कडा मात्र दुमडून शिवा. सुटलेला धागा बाळाच्या इवल्या बोटाला घट्ट गुंडाळला जातो आणि बोट सुजेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.