तेहतीस चेंडूंचं वाण

अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, ताटात वर दिवा ठेवायचा आणि जावयाला विष्णू समजून नमस्कार करायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विष्णू गोल्फ खेळायला लागला तर काय द्यायचं, हे मात्र कुठल्याच पंचांगात दिलेलं नाही.

आमच्या जावयांच्या गोल्फचा अभिमान त्यांच्यापेक्षा मलाच जास्त. ते पुण्यात कंपनीत आहेत. साहेब खेळतात म्हणून तेही खेळायला लागले. यातलं 'साहेब खेळतात म्हणून' मी गावात गाळतो. चारठाण्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात बसून मी नुसतं "आमचे जावई गोल्फ खेळतात" असं म्हणतो आणि चहा संपेपर्यंत कुणी पुढे काही विचारतं का याची वाट बघतो. नाहीच विचारलं तर आणखी एक चहा सांगतो. ज्यांचे जावई तलाठी आहेत त्यांना मात्र वाट बघावी लागत नाही. त्यांच्या चहाचे पैसे दुसरंच कुणी देतं.

२०२२ च्या दिवाळीला जावई आले तेव्हा गाडीच्या डिकीत गोल्फचं सगळं सामान होतं. पुढच्या वर्षी अधिक श्रावण येणार आणि आपल्याला काहीतरी द्यावं लागणार, हे माझ्या मनात होतंच. वस्तू द्यायची तर तिचे गुण आधी कळायला हवेत. जावई दुपारचे झोपले की मी गुण बघायचो.

टीशर्टपासून सुरुवात केली. कॉलर हवीच; बिनकॉलरच्या माणसाला पुष्कळ ठिकाणी मैदानात घेत नाहीत म्हणे. कापड घाम टिपतं, लगेच वाळतं, इस्त्री लागत नाही. हे सगळे गुण खरे आहेत. फक्त ते पॉलिस्टर आहे, आणि दारात कापसाच्या गंजी लागलेल्या असताना खनिज तेलापासून काढलेला सदरा अंगात घालून फिरायला जरा चोरट्यासारखं वाटतं. बूट महागाचे. तळाला रबरी खिळे. कंपनी म्हणते पाणी आत जात नाही, आणि खरंच गेलं नाही. पण परतीच्या पावसानं भिजलेली आमची काळी माती कंपनीनं पाहिलेली नाही. दोन सऱ्या ओलांडेपर्यंत माझी उंची चार बोटं वाढली होती.

हातमोजा एकच असतो, डाव्या हाताचा. मेंढीच्या कातड्याचा, पापुद्र्याइतका पातळ. तो घालून मी आठवडी बाजारात गेलो आणि तो हात मुद्दाम पिशवीच्या वर ठेवला. पहिल्या ओळीत तिघांनी विचारलं, "गुरुजी, भाजलं का?" दुसऱ्या ओळीत एकानं विचारलं, "दुसरा कुठं पडला?" आणि वांगेवालीनं काहीच न विचारता किलोमागं दहा रुपये वाढवले. मोज्याचा खरा परिणाम तिनंच ओळखला.

छत्रीबद्दल मात्र एक शब्द वाकडा बोलणार नाही. गोल्फची छत्री म्हणजे छोटा मांडव. कापडाचे दोन थर, मध्ये वारा निघून जायला फट, त्यामुळे उलटी होत नाही. तिच्याखाली मी, सालदार, त्याची बायको आणि एक शेळी असे आम्ही चौघं एक सर काढून उभे राहिलो आणि शेळीचंसुद्धा फक्त शेपूट भिजलं.

मग अंतर मोजायची दुर्बीण. डोळ्याला लावायची, समोरच्या वस्तूवर रोखायची, बटण दाबायचं. आत यार्डांत आकडा येतो. गावातल्या यादवकाळातल्या कोरीव स्तंभावर रोखून बघितली, गोकुळेश्वराच्या बारवेवर रोखून बघितली, आणि मग मनात जे होतं ते केलं: शेतात जाऊन चुलतभावाच्या धुऱ्यावर रोखली. आमचा गुंठा तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे बरोबर अकरा यार्ड. स्कॉटलंडचा खेळ आणि मराठवाड्याचा धुरा एकाच मापात बसतात, हे पाहून मला भरून आलं. चुलतभावानं धुरा कोरलाय हे आता यंत्रच सांगणार होतं. पण पुस्तिकेत लिहिलं होतं की अचूकता एक यार्ड कमी-जास्त. एक यार्ड म्हणजे दोन हात. आमचं भांडण दीड हाताचं आहे.

राहिल्या काठ्या. पिशवीत जास्तीत जास्त चौदा ठेवता येतात. अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये पुढच्या वर्षी हा नियम झाला, कारण त्याआधी लोक वीस-पंचवीस घेऊन फिरायचे. सात नंबरची काठी चिंचा पाडायला उत्तम आहे, एवढंच मी अधिकारानं सांगू शकतो.

तर मग द्यायचं काय? पुण्याच्या एका दुकानात लेकीला पाठवून यादी मागवली. नाव भरतकाम केलेला टॉवेल, टोपी, चेंडूच्या जागी ठेवायची चकती, हिरवळीवरचा खळगा बुजवायचा काटा, 'जगातला सर्वोत्तम गोल्फर' असं लिहिलेला कप. या वस्तू गोल्फ खेळणाऱ्यांसाठी नसतात. गोल्फ कळत नसूनही ज्यांना गोल्फरला काहीतरी द्यायचंय त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्यासाठी असतात. टॉवेल-टोपी बघून तर मी थक्कच झालो. लग्नात आपण जो टॉवेल-टोपीचा आहेर करतो तोच या लोकांनी पितळी हूक लावून दहापट किमतीला परत आणला आहे. त्यातल्या त्यात जपानी लोक शहाणे. तिथं एका फटक्यात चेंडू खळग्यात गेला तर ज्याचं नशीब उघडलं त्यानंच सगळ्यांना मेजवानी आणि भेटी द्यायच्या असतात. हा खर्च इतका होतो की लोक त्याचा विमा उतरवतात. लेकीच्या बापासाठी असा विमा अजून कुणी काढलेला नाही.

आणि मला चेंडू सुचला.

गोल्फचे चेंडू तीन-तीनच्या छोट्या खोक्यात येतात. अकरा खोकी, तेहतीस चेंडू. आधी गुंठ्याचे तेहतीस आणि अकरा, आता वाणाचे तेहतीस आणि अकरा. याला योगायोग म्हणायची माझी तयारी नाही. शिवाय अधिकाचं वाण जाळीदार असावं लागतं. म्हणून तर अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक. आणि गोल्फच्या चेंडूवर तीन-चारशे बारीक खळगे असतात! मी चेंडू घेऊन आमच्या पुरोहितांकडं गेलो. सगळं गाव त्यांना काका म्हणतं.

काकांनी चेंडू चष्म्यासमोर धरला, वाजवला, हुंगला. "गुरुजी, याला भोकं कुठंयत? हे खळगे आहेत."

मी म्हटलं, काका, हे खळगे साधे नाहीत. पूर्वी हा चेंडू म्हणजे कातड्याच्या पिशवीत ठासून भरलेली हंसाची पिसं. १८४८ च्या सुमाराला गटापर्चा नावाच्या मलायातल्या झाडाच्या चिकाचा गुळगुळीत चेंडू आला. गुळगुळीत म्हणजे दूर जाईल असं कुणालाही वाटेल. पण लोकांच्या लक्षात आलं, की नवा चेंडू भलतीकडं जातो आणि मार खाऊन खरबरीत झालेला जुना चेंडू लांब आणि सरळ जातो. मग कारागीर नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीनं खुणा पाडायला लागले. १९०५ मध्ये विल्यम टेलर नावाच्या इंग्रजानं खळग्यांचं पेटंट घेतलं. त्यातलं गमक असं, की खळग्यांमुळं चेंडूला चिकटून वाहणारी हवा घुसळली जाते, घुसळलेली हवा जास्त वेळ चिकटून राहते, चेंडूच्या मागं तयार होणारी पोकळी लहान होते आणि मागं ओढणारा जोर कमी होतो. गुळगुळीत चेंडू याच्या निम्म्यापर्यंतच जाईल.

"हवा आत जाते का?" काकांनी विचारलं.

"आत नाही जात."

"मग वाण नाही."

मी म्हटलं, अनारशालाही आरपार भोक नसतं. एका अंगानं जाळी, दुसऱ्या अंगानं खसखस. काकांना हे पटलं नाही, पण पडताळून बघायला ते तयार झाले. काकूंनी दोन अनारसे आणले. एक आम्ही उजेडाला धरला. आरपार दिसलं नाही. काका म्हणाले, हा जरा जाड झालाय. दुसरा धरला. त्यातून खिडकीचा गज दिसला. मी म्हटलं, हा विरलाय. काका म्हणाले, हाच खरा. मग दोन्ही पुरावे आम्ही खाल्ले आणि अपील करायला काही उरलं नाही. चेंडू काकांनी परत चष्म्यासमोर धरला आणि निकाल दिला, "अनारसे तेहतीस द्याच. हे वरून द्या. जास्त झालं म्हणून देव काही परत पाठवत नाही."

म्हणजे खर्च दुप्पट. नावाजलेल्या कंपनीचा डझन चार-पाच हजारांच्या घरात जातो. त्या वर्षी सरकारनं सोयाबीनचा हमीभाव ४,६०० रुपये ठरवला होता. पेन्शनीतला माणूस एक डझन चेंडूंकडं बघतो तेव्हा त्याला एक क्विंटल सोयाबीनच दिसतं, मग तो ते पेरण्यापासून मळणीपर्यंत सगळं बघायला लागतो आणि दुकानातून बाहेर येतो. मी साधे, दोन थरांचे चेंडू घेतले. पण साधेपणा झाकायला प्रत्येकावर देवनागरीत 'चारठाणा' असं छापून घेतलं. चेंडूवर ओळखीची खूण असावी असं गोल्फचे नियमच सांगतात. माझी हौस प्रथमच नियमात बसली.

घरात तीन दिवस तांदूळ भिजले, कुटले, गूळ मिसळला. पहिले दोन तुपात हसले, बाकीचे शहाण्यासारखे वागले. जावई धोंडे जेवायला आले. ताटात तेहतीस अनारसे आणि शेजारी तेहतीस चेंडू, एकूण दीड किलो वजनाचे. जावयांनी एक चेंडू उचलून नाव वाचलं. "मामा, हे फार भारी आहे," असं ते म्हणाले आणि दुसऱ्या हातानं अनारसा उचलला.

चेंडू प्रत्यक्ष उडताना बघावेत म्हणून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मी पुण्याला गेलो. तो ऑगस्ट विसरता येत नाही. १९०१ पासूनच्या नोंदीत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आमच्याकडं सोयाबीन फुलावर असताना माना टाकायला लागलं होतं. आणि इथं मैदानावर फवारे फिरत होते. जावई म्हणाले, मामा, हे सांडपाणी शुद्ध करून वापरतात. असेल. पण डोळ्याला पाणी दिसतं, त्याचा दाखला दिसत नाही. मला तिथून निघून जावंसं वाटलं. जावयांच्या साहेबांशी मी नीट बोललोही नाही.

जावयांची पिशवी उचलायला एक पोरगा, म्हणजे कॅडी, होता. मी धोतरात, त्यामुळे त्यानं मला लांबूनच हेरलं असावं. जवळ येऊन म्हणाला, "मामा, जिंतूरकडचे का?" मी मान हलवली. तो मंठ्याकडचा निघाला, आमच्याच रस्त्यावरचा. त्यानं पुढचा प्रश्न केला, "तिकडं पडला का?"

काय पडला, हे दोघांनाही सांगावं लागलं नाही. मी म्हटलं, "नाही रे." तो काही बोलला नाही. फवाऱ्याकडं बघितलं आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

चौदा काठ्यांची ती पिशवी घेऊन तो सहा-सात किलोमीटर चालतो. सामानाची खरी परीक्षा करायची असेल तर यालाच विचारावं. "सरांच्या चौदातल्या पाचच लागतात," तो हळूच म्हणाला. "बाकीच्या मी नुसत्या फिरवतो. बूट चांगलेत, पण सर पाय हलवतात. मोजा बदला म्हणा, घासलाय." त्याला स्वतःला खेळता येतं का, असं विचारलं. म्हणाला, सोमवारी. मुंबईत चेंबूरच्या गोल्फ क्लबाजवळच्या वस्तीत असेच कॅडी बांधकामाच्या सळया वाकवून काठ्या करतात आणि गल्लीत प्लास्टिकच्या चेंडूनं खेळतात, हे मी वाचलेलं होतं. दिल्लीचा अली शेर हा असाच पिशव्या उचलणारा. त्यानं १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. मी हे त्याला सांगितलं. त्याला ते माझ्याआधीपासून माहीत होतं, सालासकट.

तेवढ्यात जावयांनी पाय हलवला. 'चारठाणा' हवेत उंच गेलं, सुरेख वळलं आणि तळ्यात पडलं. पाठोपाठ दुसरं. काका असते तर म्हणाले असते, दानावर उदक सोडायचंच असतं. पोरगा म्हणाला, "काळजी नका करू मामा, पोरं काढतात आतून. धुऊन निम्म्या भावात विकतात."

पुढच्या महिन्यात जावयांचा फोन आला. "मामा, साहेबांनी जुने चेंडू विकत घेतले, त्यात तुमचे दोन निघाले. मला विचारत होते, ही चारठाणा कुठली कंपनी?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, फार जुनी आहे सर. यादवांच्या काळातली."