एका खुर्चीत दोघे : नवशिक्यांसाठी

माढ्यात राहून वेबसाइट बनवण्याचा धंदा करायचं ठरवलं असेल, तर आधी अभिनंदन. आपण नेमकं काय करतो हे घरच्यांना समजावत बसू नका. 'कम्प्युटरचं काम' एवढं सांगा आणि गप्प बसा. तेवढ्या भांडवलावर ते तुम्हाला भावकीतल्या सगळ्यांचे पीक विम्याचे फॉर्म भरायला लावतील, पण त्याला इलाज नाही.

पुण्यात या कामाला दोन माणसं लागतात. डिझायनर पान कसं दिसेल ते ठरवतो आणि डेव्हलपर ते तसं का दिसणार नाही ते सांगतो. दोघांचे पगार वेगळे, खुर्च्या वेगळ्या, आणि भांडण सोडवायला वर एक मॅनेजर. पुण्याहून सुटलेली गाडी कुर्डुवाडी सोडून माढ्याला टेकेपर्यंत या तिघांचा मिळून एक माणूस झालेला असतो. तो तुम्ही. पगार मात्र कुर्डुवाडीलाच उतरलेला असतो.

खचू नका, तुमच्या आधीही असे लोक होऊन गेलेत. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी पहिलं संकेतस्थळ जगाला खुलं केलं, तेव्हा डिझायनर कुठे होता? नव्हताच, आणि ते पान पाहिलं की पटतं. मग १९९४ मध्ये होकोन व्हियुम ली यांनी सीएसएसची कल्पना मांडली: मजकूर एका जागी, त्याचं रूप दुसऱ्या जागी. १९९६ च्या डिसेंबरात तिची पहिली अधिकृत आवृत्ती आली आणि हळूहळू कामंही दोन झाली, माणसंही दोन झाली. जगाने एवढ्या कष्टाने जे वेगळं केलं, ते तुम्हाला एका दुपारीत पुन्हा एकत्र करायचंय. तेही लाइट जायच्या आत.

१. आधी 'आम्ही' व्हा.

एकट्याने कधीही 'मी' म्हणू नका. नावापुढे 'इन्फोटेक' किंवा 'सोल्युशन्स' लावा, व्हिजिटिंग कार्ड छापा आणि बोलताना कायम दोन खाती ठेवा. सकाळी तुम्ही 'आमची डिझाइन टीम' असता, संध्याकाळी 'आमची टेक्निकल टीम'. गिऱ्हाईक चिडून फोनवर आलं की म्हणा, "एक मिनिट हं मालक, टेक्निकलला विचारून सांगतो." फोन टेबलावर ठेवा, पाणी प्या, परत उचला आणि टेक्निकलची थोडी निंदा करा. गिऱ्हाइकाला बरं वाटतं. टेक्निकलला वाईट वाटेल, पण ते तुमचं तुम्ही बघून घ्या.

२. दर सांगताना फूटपट्टी लपवा.

आपल्याकडे डिझाइन म्हटलं की फ्लेक्स, आणि फ्लेक्सचा दर स्क्वेअर फुटावर. त्यामुळे पहिला प्रश्न येणार, "वेबसाइट किती फुटाची बसती?" हसू नका. त्याच्या मोबाइलच्या आकाराने हिशोब केला तर तुमचाच तोटा आहे. 'पानावर' दर सांगा. तो लगेच म्हणेल, मग एकच पान कर आणि लांब कर.

यानंतर भाचा येतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला पुण्यात एक भाचा असतो, तो इंजिनियर असतो आणि 'मामा, मी फुकट करून देतो' असं म्हणालेला असतो. भाचा मेकॅनिकलचा आहे हे तुम्हाला माहीत असलं तरी बोलू नका. उलट त्याचं कौतुक करा. सहा महिन्यांनी तोच तुम्हाला फोन करून विचारणार आहे की होस्टिंग म्हणजे काय.

३. फोटोंचं राजकारण शिका. बाकीचं कॉलेजात शिकवतात.

हा या मार्गदर्शिकेचा गाभा आहे, सावकाश वाचा. रंगसंगती, मोकळी जागा, ग्रिड वगैरे तुम्ही व्हिडिओ बघून शिकला असाल. मोकळी जागा विसरा. गिऱ्हाइकाला ती दिसली की तो विचारतो, "हितं काय टाकायचं राहिलंय?" आणि तिथे तालुकाध्यक्षांचा फोटो येतो.

माढा लोकसभा मतदारसंघाची पहिली निवडणूक २००९ ची. ती शरद पवारांनी जिंकली. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे सोलापूर जिल्ह्यातले आणि फलटण, माण हे साताऱ्यातले, असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. एखाद्या इच्छुकाचं संकेतस्थळ करायला घेतलंत तर सहा ठिकाणची माणसं, दोन जिल्ह्यांतले गट, वर प्रदेशाचे आणि त्याच्यावर दिल्लीचे, असे सगळे चेहरे पहिल्याच पडद्यावर लागतात. फ्लेक्सवर हे जमतं. तिथे कोण किती मोठा आणि कोण कुणाच्या उजवीकडे, हे एकदा ठरलं की छापून टांगायचं.

आता तुमच्यातला डिझायनर मोठ्या कौशल्याने सगळे फोटो एका ओळीत, एका उंचीवर, समान अंतराने बसवतो. लॅपटॉपवर सगळे खूश. मग तुमच्यातला डेव्हलपर ते पान मोबाइलवर जुळवून घेतं का ते बघतो, आणि मोबाइलवर ओळीचा रकाना होतो. शेजारी शेजारी उभी असलेली माणसं एकाखाली एक येतात. म्हणजे तुम्ही कुणाला तरी कुणाच्या तरी पायाशी नेऊन ठेवलंत, आणि मतदार तर सगळे मोबाइलवरच आहेत.

घाबरू नका, तज्ज्ञांकडे उपाय आहेत. एक, सरकते फोटो लावा. पण मग पहिला कोण सरकणार? दोन, फोटो इतके बारीक करा की मोबाइलवरही एका ओळीत मावतील. तेव्हा कुणीच ओळखू येत नाही, आणि हे सर्वांवर सारखंच अन्यायकारक असल्यामुळे बरेचदा खपतं. तीन, कोडमध्ये क्रम दर वेळी आपोआप बदलेल अशी सोय करा. जाणकारांना हा उपाय फार आवडतो. प्रत्येकाने आपापल्या फोनवर साइट उघडायची, ज्याचा फोटो वर आला त्याने स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवायचा. दुसऱ्याने उघडली की त्याचा वर. दोन्ही स्क्रीनशॉट एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर भेटेपर्यंत तुमचं बिल निघालेलं असलं पाहिजे.

४. मराठीत करायचंय म्हणाले तर खुर्ची घट्ट धरा.

बहुतेक तयार टेम्पलेट रोमन लिपीसाठी कापलेली असतात. त्यात मराठी घातली की काय होतं ते पाहा. डिझायनराने मथळ्याला ऐसपैस वाटावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते. प्रत्येक अक्षर आपापली टोपी घालून वेगळं उभं राहतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. बटणावरची अक्षरं मोठ्या लिपीत करण्याची आज्ञा दिली की काहीच होत नाही, कारण आपल्याला मोठी लिपीच नाही. आणि इंग्रजी 'होम'साठी आखलेल्या जागेत 'मुख्यपृष्ठ' बसवायचं असतं.

सगळ्यात मोठी परीक्षा एका शब्दाची: शेतकऱ्यांसाठी. कृषी सेवा केंद्र असो, रोपवाटिका असो, पतसंस्था असो, हा शब्द पहिल्याच ओळीत येतो. नेहमीचा र वापरून तो उमटवला तर 'शेतकर्यांसाठी' असा डोक्यावर रफार घेऊन येतो. युनिकोडमध्ये यासाठी नुक्त्याचा ऱ वेगळा आहे. तो घेऊन पुढे हलन्त आणि य दिला की चंद्रकोरीसारखा अर्धा र नीट येतो. हे तुम्ही दुरुस्त करा. कुणाच्या लक्षात येणार नाही, कुणी पैसे देणार नाही, पण करा. इथे मी चेष्टा करत नाहीये.

मजकूर कुठून येईल? संस्थेच्या जुन्या अहवालातून, आणि तो युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेला असेल. देवनागरी युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्येच आली होती. पण छपाईच्या दुकानापर्यंत ती अजून सगळीकडे पोहोचली आहे असं नाही. असा मजकूर चिकटवला की 'सहकारी पतसंस्था मर्यादित'च्या जागी रोमन अक्षरं, डॉलर आणि उद्गारचिन्हं उमटतात. गिऱ्हाइकाला दाखवलं तर ते म्हणतं, "व्हायरस आलाय वाटतं." होकार द्या. व्हायरस काढण्याचे पैसे मिळतात, फॉन्ट बदलण्याचे मिळत नाहीत.

५. स्वतःशी मीटिंग घ्या.

रात्री डिझायनर म्हणून काम करताना आपल्याला कोड येतो हे विसरायचा प्रयत्न करा. अवघड आहे. ज्याला दोन्ही येतं त्याला हळूहळू जे बनवायला सोपं तेच सुंदर दिसायला लागतं. फिग्मात एखादी झकास तिरकी पट्टी सुचते, तेवढ्यात आतला डेव्हलपर खाकरतो, आणि पट्टी सरळ होते. कुणी बोललं नाही, भांडण झालं नाही, एका माणसाने दुसऱ्याला नुसतं खाकरून हरवलं. दोन माणसं असती तर निदान वाद झाला असता आणि वादातून पट्टी वाचली असती. म्हणून मीटिंग घ्या, इतिवृत्त लिहा, डिझायनरला एक तरी ठराव जिंकू द्या.

उलटंही घडतं. डेव्हलपरने फॉर्म बसवायचा असतो, आणि तो दोन तास बटणाच्या गोलाईत घालवतो, कारण आतल्या दुसऱ्याला ती खुपत असते. फॉर्म चालत नाही, पण गोलाई बघण्यासारखी होते.

६. क्यूआर कोड द्या. मागितला नाही तरी द्या.

हा तालुका परितेवाडीचा आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत असताना रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकली. गुरुजींच्या कोडमागे मुलांसाठी धडे होते, कविता होत्या. आपल्या गिऱ्हाइकाच्या कोडमागे मुख्यपृष्ठ असतं, मुख्यपृष्ठावर व्हॉट्सअॅपचं बटण असतं, आणि बटण दाबलं की त्याच माणसाशी बोलणं होतं जो कोडाच्या पाटीखाली खुर्ची टाकून बसलाय. काही हरकत नाही. कोड मोठा छापा.

७. तपासणी रानात जाऊन करा.

ऑफिसात वायफायवर सगळंच चालतं. टेंभुर्णीकडे केळीच्या बागेत भर उन्हात उभे राहा आणि तडा गेलेल्या काचेच्या फोनवर स्वतःची साइट उघडा. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं काढली होतीत ना, नाजूक दिसावीत म्हणून? वाचा आता. पहिल्या पानावर उजनीच्या पाण्याचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ लावला होतात. तो उघडेपर्यंत बागेतलं पाणी बदलून होतं. मग डिझायनर डेव्हलपरला म्हणतो व्हिडिओ हलका कर, डेव्हलपर म्हणतो काढूनच टाक, आणि बागेचे मालक म्हणतात, "कुणाशी बोलताय ओ?"

फोटोंचंही तिथेच कळतं. मालकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले बागेचे फोटो आवळून पुसट झालेले असतात, म्हणून नवशिका इंटरनेटवरून चकचकीत केळी उतरवतो. इथल्या माणसाला लांबून कळतं की ही आपली जात नव्हे. फोन घ्या, बागेत या, घड उन्हाकडे धरायला सांगा. फोटोग्राफरही तुम्हीच.

८. सोपवताना ताबा लेखी द्या.

साइट तयार झाली की उद्घाटन होतं. नारळ कम्प्युटरपासून लांब फोडा. त्यानंतर वर्षभर कुणी काही बोलत नाही. वर्ष संपलं की डोमेनची मुदत संपते, साइट दिसेनाशी होते, आणि मालकांना ते कळतं दिवाळीत, शुभेच्छांचा फोटो चढवायचा असतो तेव्हा.

"पैसे दिले होते की रं एकदा."

समजावून सांगा की नाव दर वर्षी नव्याने भरावं लागतं, ते कायमचं विकत मिळत नाही. मालक थोडा वेळ विचार करतात. "मग आधी ती जागा माझ्या नावावर आहे का बघ. सातबारा कुठं निघतो ह्याचा?"

निघतो म्हणून सांगा. डोमेनची नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारं पान ऑनलाइन मिळतं. त्याचा रंगीत प्रिंट काढा, खाली तारीख घाला, जमल्यास शिक्का मारा आणि लॅमिनेट करून द्या. मालक चष्मा लावून आपलं नाव वाचतील, कागद मुलाकडे देऊन कपाटात ठेवायला सांगतील आणि विचारतील, "किती झालं?" मुदतवाढीचे पैसे ते पुढच्या महिन्यात बघू म्हणतात. लॅमिनेशनचे तिथल्या तिथे देतात.