मान डोलावण्याचं खातं

एकट्याने अभ्यास करणं माझ्या पिंडातच नाही. पुस्तक उघडलं की मला समोर माणूस लागतो. एमपीएससीसाठी पुण्यात आलो, रिवाजाप्रमाणे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्ची घेतली. खुर्चीला तिन्ही बाजूंनी प्लायवूड. समोरच्या प्लायवर आधीच्या कुणी 'साहेब होणारच' असं कोरून ठेवलेलं आणि त्याखाली दुसऱ्या कुणी पेन्सिलीने विचारलेलं, 'कधी?' तेवढं एक संभाषण सोडलं तर तिथे चिटपाखरू बोलायचं नाही. शिंक आली तरी व्यवस्थापक मान वर करून बघायचा.

मग आम्ही चौघांनी ग्रुप काढला. ठरलं असं की प्रत्येकाने एकेक विषय वाचायचा आणि बाकीच्यांना समजावून सांगायचा. राज्यघटना सातारकरकडे गेली, कारण त्याच्याकडचं लक्ष्मीकांतचं पुस्तक विकत घेतलेलं होतं, झेरॉक्स नव्हतं. इतिहास-भूगोलही गेले. अर्थशास्त्र माझ्या दिशेने सरकतंय असं दिसताच मी घाईघाईने वेळापत्रकाचं खातं मागून घेतलं. त्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय. उजळणी हिरव्या स्केचपेनने, चालू घडामोडी निळ्याने आणि चहा लाल चौकटीत. त्यातली लाल चौकट तेवढी वेळेवर पार पडायची.

सातारकर शिकवायचा मात्र झकास. टपरीच्या बाकावर एक पाय वर घेऊन, हातातली भजी हवेत फिरवत तो आणीबाणी लावायचा आणि ती भजी तोंडात टाकून उठवायचा. मी मान डोलवायचो. मान डोलावण्यासारखं दगाबाज व्यसन नाही. समोरच्याचं बोलणं इतकं स्वच्छ कळतं की ते आपल्यालाच येतंय असं वाटायला लागतं. रात्री खोलीवर परतताना मी निम्मा उपजिल्हाधिकारी झालेला असायचो.

पूर्व परीक्षेत प्रश्न आला : आणीबाणीच्या तरतुदीतले 'अंतर्गत अशांतता' हे शब्द काढून तिथे 'सशस्त्र उठाव' कोणत्या घटनादुरुस्तीने आले? मला सगळं आठवलं. बाहेर पाऊस होता. सातारकरच्या कॉलरवर हिरवी चटणी होती. "लक्षात ठेव भावा, जनता सरकार, १९७८!" असं ओरडताना त्याला मिरचीचा ठसका लागला होता, तोही आठवला. पण दुरुस्तीचा आकडा नेमका त्या ठसक्यात गेलेला. ४२ की ४४? मी ४२ काळं केलं. ती १९७६ ची, खुद्द आणीबाणीतली. उत्तर ४४. चुकीच्या उत्तराला पाव प्रश्नाचे गुण कापतात, तेही गेले.

पुढे कुठेतरी माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेतकी अभियंत्याबद्दल वाचलं. त्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ मध्ये ते निष्कर्ष छापले. माणसं वाढतील तसा माणशी जोर कमी होत जातो. आठ जण लागले की जवळजवळ निम्म्यावर येतो. वाचून बरं वाटलं. आपल्या आळसाला फ्रान्समध्ये इतकी जुनी मान्यता असेल असं वाटलं नव्हतं. अर्थात आम्ही चौघेच होतो आणि बाकीचे तिघे दोर नीटच ओढत होते, हा बारकावा मी घरी सांगताना गाळला.

कारण तिघेही पूर्व पास झाले आणि सातारकर तर नायब तहसीलदार. गावच्या सत्कारात फेटा सावरत तो माईकवर म्हणाला, "माझं खरं श्रेय ह्या मित्राला! ह्याला एकेक कलम इतक्यांदा सांगावं लागायचं की माझंच पाठ झालं." टाळ्या पडल्या. मी उभा राहून नमस्कारही केला.

परवा त्याचा फोन आला. धाकटा भाऊ पुण्यात येतोय, त्याच्यासोबत बसशील का म्हणाला. मी म्हटलं, "अरे, मला काही येत नाही." तर म्हणतो, "म्हणूनच तर! तू फक्त समोर बस आणि अधूनमधून 'नाही कळलं, परत सांग' म्हण."

चहाचे पैसे कोण देणार, एवढं मात्र मी आधीच विचारून घेतलं.