गुरुजी, मॅडम आणि बेशरम

तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिहोऱ्याच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे, सकाळी सातच्या सुमारास कडेला एक स्कूटी उभी दिसते. पुढे नालीच्या काठावर एक साठी उलटलेल्या बाई गुडघे टेकून बसलेल्या असतात आणि एक गृहस्थ काळी छत्री उघडून उभे असतात. छत्री बाईंच्या डोक्यावर नसते, गवतावर असते. नवखा माणूस गाडी थांबवतो, “काय हरवलं जी?” असं विचारतो. गृहस्थ ओठांवर बोट ठेवतात. जणू आत बाळ झोपलं आहे.

हे आमचे गुरुजी आणि मॅडम. दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. आमच्याकडची निवृत्त जोडपी एक तर तीर्थयात्रेला जातात, नाही तर नातवंडं सांभाळायला पुण्याला. हे दोघं नालीवर जातात.

छंद एकच, फोटो काढण्याचा. पण खाती वेगळी. गुरुजींकडे स्थळं, मॅडमकडे रानफुलं. गुरुजींची स्थळं ठरलेली: चांदपूरच्या टेकडीवरचा मारुती, खालचा जलाशय, गायमुख, आंबागडचा किल्ला. जलाशयाचा फोटो काढण्याआधी ते माहिती सांगतात. बावनथडी नदीचं पाणी सोंड्याटोल्याला उचलायचं आणि ते या तलावात आणून सोडायचं, हे ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पंपाचं बटण सकाळी हेच दाबून आले.

गुरुजींचा एक सिद्धांत आहे. देऊळ किती उंच, बुरूज किती रुंद, हे कळायला शेजारी माणूस हवा. हा माणूस म्हणजे मॅडम. त्यामुळे त्यांच्या संग्रहातल्या चांदपूरच्या प्रत्येक फोटोत डाव्या बाजूला मॅडम आहेत, उन्हामुळे डोळे बारीक केलेल्या, पिशवी पोटाशी धरलेल्या. साड्या बदलत गेल्या, चेहऱ्यावरचा भाव तोच. “झालं का?” असा. आंबागडला तर वाऱ्याने पदर उडाला आणि अख्खा बुरूज पदराआड गेला. गुरुजी तो फोटो अजूनही ‘आंबागड’ म्हणूनच दाखवतात.

मॅडमच्या फोटोंत गुरुजी दिसत नाहीत. त्यांचा अंगठा दिसतो. कधी चपलेचं टोक, कधी छत्रीची काडी. त्यांचं काम आडोशाचं. वारा आला की छत्री इकडे, ऊन आलं की तिकडे. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने चौथीचा वर्ग गप्प व्हायचा, तो आता गवताच्या काडीसमोर श्वास रोखून उभा असतो, कारण मॅडमनी बजावलेलं असतं, “हलू नका जी, फूल हलतं.”

पळसावरून मात्र दोघांत हद्दीचा वाद झाला होता. फाल्गुनात चांदपूरकडचे पळस पानं झाडून नुसत्या केशरी फुलांनी पेटतात. गुरुजी म्हणाले, एवढं मोठं झाड म्हणजे स्थळ. मॅडम म्हणाल्या, पान एक नाही, सगळं फूलच आहे, तर माझं. गुरुजींनी मग इतिहास काढला: या झाडाच्या शास्त्रीय नावात ब्यूटचा अर्ल बसला आहे, 1762-63 मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान असलेला. मॅडम म्हणाल्या, “असेल. त्याला म्हणा फोटो काढायला ये.” शेवटी तडजोड झाली. झाडावरची फुलं गुरुजींची, खाली पडलेली मॅडमची. त्या दिवसापासून गुरुजी वर पाहत मागे मागे जातात, मॅडम खाली पाहत पुढे पुढे जातात आणि कुठे तरी आदळतात.

मॅडमचं कौशल्य मी स्वतः पाहिलं आहे. एकदा त्यांनी मला कंबरमोडीपाशी बसवलं. ही आपल्याकडे कुठेही उगवते, लहानपणी गुडघा फुटला की हिचाच पाला चोळून लावायचा. खरखरीत पानं, वीतभर उंच सडसडीत दांडा आणि टोकावर एकच फूल. मध्ये पिवळी टिकली, कडेने पाच-सहा पांढुरक्या पाकळ्या. “पाकळीचं टोक पाहा,” त्या म्हणाल्या. डोळा जवळ नेला. प्रत्येक टोकाला तीन बारीक दाते होते, कात्रीने कातरल्यासारखे. आयुष्यभर हे फूल तुडवत आलो, दाते कधी मोजले नव्हते. उठताना माझी कंबर धरली. गुरुजी छत्रीखालून म्हणाले, “नाव उगाच नाही ठेवलं.”

गावाला या उद्योगाचं अप्रूप नाही, करमणूक आहे. रोवणीच्या दिवसांत मॅडम धुऱ्यावर वाकून बसल्या की बांधीतल्या बाया कंबर सरळ करून पाहतात. एकीने विचारलं, “कायचा फोटू काढता जी?” मॅडम म्हणाल्या, “बेशरमाचा.” अख्ख्या बांधीत हशा पिकला. “बेसरमाचा? मायबाई! आमच्या धुऱ्यावरचं सारंच घेऊन जा ना जी, फुकट!” बरोबरच आहे. तोडून फेकलं तर पडल्या जागी मूळ धरतं, जनावर तोंड लावत नाही, म्हणून तर ते नाव. पण त्याचं फिकट जांभळं नरसाळं सकाळी पाहावं, घशाशी गडद होत गेलेलं. तेच फूल दुसरीकडे असतं तर कासच्या पठारासारखं तिकीट लावून दाखवलं असतं, असं मॅडमचं मत आहे. मला ते जरा जास्त वाटतं. पण छत्रीवाल्यासमोर बोलायची सोय नाही.

मग मुलाने मोबाइलमध्ये झाडं ओळखणारं ॲप टाकून दिलं आणि घरात सुतक पडलं. ‘आपली रानफुलं’ असं मॅडम ज्यांना म्हणत होत्या, त्यातली निम्मी परदेशी निघाली. कंबरमोडी मध्य अमेरिकेची, पिवळा धोत्रा मेक्सिकोचा, जलपर्णी ॲमेझॉनकडची. घाणेरी तर शोभेचं झुडूप म्हणून आणलेली. आणि बेशरम? तेही दक्षिण अमेरिकेचं! गुरुजींना आनंद लपवता येईना. “मॅडम, नालीवर बसून आपण अमेरिका पाहिली. पोरगा उगाच व्हिसाच्या रांगेत उभा आहे.”

मॅडम दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कुंपणातल्या कळलावीपाशी जाऊन बसल्या. ती इथली. सलग पाच सकाळी एकाच फुलाचे फोटो काढले: आधी हिरवट, मग पिवळं, मग टोकाकडून लाल होत गेलेलं, पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या. सहाव्या सकाळी पुन्हा बेशरमासमोर. गुरुजींनी भुवई उंचावली. “दाखला नाही म्हणून मी कोणाचं नाव हजेरीतून काढलं नाही,” मॅडम म्हणाल्या, “आता काढू का?” गुरुजींनी मुकाट्याने छत्री उघडली.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगतो. पुतणीच्या साक्षगंधाला फोटोग्राफरचे पैसे वाचवावेत म्हणून मी या दोघांना बोलावलं. दोघांनी दिवसभर मन लावून काम केलं, जेवणाची पंगतही चुकवली. आठवड्याने पेनड्राइव्ह आला. गुरुजींनी रस्त्याच्या पलीकडून मांडव काढला होता, चारही दिशांनी. त्यात पाहुणे तांदळाएवढे. मांडवाची उंची कळावी म्हणून डाव्या बाजूला मॅडम. मॅडमनी हार काढले होते. झेंडूची एकेक पाकळी मोजून घ्यावी इतका स्वच्छ फोटो, निशिगंधाच्या कळीवर पाण्याचा थेंब, थेंबात मांडवाचा दिवा. पुतणी फक्त एका फोटोत सापडली, निशिगंधामागे, नाकापासून हनुवटीपर्यंत. पाहुण्यांकडून निरोप आला, “मुलगी चांगली आहे, पण फोटो पाठवा.” लग्नाला तुमसरहून माणूस आणला.

तरीही तो थेंबाचा फोटो मी मोठा करून बैठकीत लावला आहे. पुतणी अजून बोलत नाही.

तुम्ही चांदपूरला निघालात आणि सिहोऱ्याजवळ कडेला स्कूटी नि उघडी छत्री दिसली, तर एक विनंती आहे. रेतीचे टिप्परवाले ऐकत नाहीत, तुम्ही तरी ऐका. गाडी हळू घ्या आणि हॉर्न वाजवू नका. फुलाचं काही नाही, गुरुजी दचकतात आणि छत्री हलते.