शुगर तालुक्याला ठाऊक, कंपनीला नाही

कापूरहोळ फाट्यावरून एक रस्ता भोरला जातो, एक नारायणपूरवरून सासवडला आणि हायवे पुण्या-साताऱ्याला. अलीकडे एक चौथाही फुटलाय, त्याचा बोर्ड तेवढा लागायचा राहिलाय. तो जर्मनीला जातो. पोरगं तिकडे नोकरीला चिकटलं की वर्षा-दोन वर्षांत आईबापाचे पासपोर्ट निघतात आणि परदेशवारीची तयारी चहाच्या टपरीवर सुरू होते. तज्ज्ञांचा तुटवडा या फाट्याला कधीच नव्हता.

तयारीचे दोन भाग. पहिला बॅग. तिच्यावर महिनाभर खल. भोरचा इंद्रायणी किती, शेंगदाण्याची चटणी किती, मेतकूट कुणाकडचं. बाहेरून येणाऱ्याला युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, हे तात्यांना (नाव कशाला, तात्याच म्हणू) काही केल्या पटत नाही. "नारायणपूरच्या दत्ताचा पेढा आहे, कस्टमवाला त्याला काय म्हणणार?" पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायची नाही, जवळ ठेवायची, यावरही दोन तट पडतात. शेवटी बॅग किराणा दुकानाच्या काट्यावर चढते.

दुसरा भाग विमा. त्याला पाच मिनिटं. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, एवढं कानावर पडलं की तज्ज्ञ मोकळे. "सगळ्यात स्वस्त बघ. कागद व्हिसापुरता." पोलिसाला दाखवायला हेल्मेट आरशाला अडकवून गाडी चालवावी, तसा हा विमा. कुणीतरी इतिहासही काढतो, "शंभूराजांच्या दूधआई धाराऊ आपल्या कापूरहोळच्या. त्या पुरंदरावर गेल्या तेव्हा कुणी काढला होता विमा?" बरोबर आहे. पुरंदरावर जर्मन वकिलातही नव्हती.

मग फॉर्मवर तो प्रश्न येतो : आधीपासून काही आजार? एजंट आवाज खाली आणतो. "'नाही' टाकू. उगाच हप्ता वाढतो." तात्या मान डोलावतात. तेवढ्यात टपरीवाला त्यांच्यापुढे न सांगता बिनसाखरेचा चहा ठेवतो. तात्यांची शुगर कापूरहोळला ठाऊक, किकवीला ठाऊक, भोरच्या मेडिकलवाल्याला तर मिलिग्रॅमसकट ठाऊक. अख्ख्या तालुक्याला ठाऊक असलेली गोष्ट फक्त विमा कंपनीपासून लपवायची असते.

कंपनीला ती कळते, पण क्लेमच्या वेळी. तिकडचा डॉक्टर आधी विचारतो, रोजच्या गोळ्या कोणत्या? परमुलखात खाटेवर पडलेले तात्या प्रथमच खरं बोलतात. डॉक्टर लिहून घेतो. तोच कागद क्लेमच्या फाइलला जोडला जातो आणि फॉर्मवरच्या 'नाही'शेजारी जाऊन बसतो. पुढचं पत्र काय येतं, ते सांगायला ज्योतिषी नको.

खरं लिहिलं तरी सगळं मिळतं असंही नाही. जुना आजार जिवावर बेतला तरच खर्च देणार, तोही ठरलेल्या मर्यादेपर्यंत, अशी अट पुष्कळ पॉलिशांत असते. पहिले काही डॉलर आपल्या खिशातून जाणार, तेही त्यात लिहिलेलं असतं. काहींत साठीनंतर दवाखान्याच्या खोलीला वेगळी मर्यादा. हे कुणी वाचत नाही. मात्र बॅग किती तास उशिरा आली तर भरपाई मिळते, ते कलम फाट्यावर तोंडपाठ आहे. बॅगेत चटणी असते ना!

खरं लिहिलं असतं, तर हप्ता थोडा वाढला असता. तो वाचला. वाचलेले पैसे वाया गेले, असं मात्र कुणी म्हणू नये. किराणा दुकानाचा काटा आणि विमान कंपनीचा काटा यांचं जमलं नाही, इंद्रायणी साडेतीन किलो जास्त भरला, आणि त्याचा विमानतळावर पडलेला भुर्दंड या बचतीतूनच भागला.